भूमींत उतरलेली वास्तु

वास्तुकलेचें नांव निघालें कीं आपली दृष्टि सहजच वर जाते. मंदिराचें शिखर, मशिदीचा मिनार, राजवाड्याचा सज्जा, किंवा अलीकडे मुंबईस आभाळांत घुसलेली पन्नास मजल्यांची इमारत, यांच्याकडे मान वर करून पाहिल्यावांचून वास्तु पाहिल्याचें समाधान आपणांस होत नाहीं. आपल्या भाषेनेंही हीच समजूत उचलली आहे. घर उभें राहतें, संस्था उभी राहते, गरिबाचा संसारही उभा राहतो. खालीं जातें तें बुडतें किंवा गाडलें जातें. या समजुतीला धक्का देणारी एक वास्तु बीड जिल्ह्यांत जवळजवळ साडेचारशें वर्षें जमिनींत बसून आहे. तिच्याविषयीं कांहीं लिहावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. निमित्त मात्र माझ्या पुतणीनें दिलें.

ही मुलगी वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्गांत शिकते. गेल्या दिवाळीच्या सुटींत ती घरीं आली तेव्हां तिच्या पिशवींत नव्या वास्तुशिल्पज्ञांच्या कामांचीं चित्रमय पुस्तकें होतीं. जगांत कोठें काय नवें बांधलें जात आहे हें ती मला मोठ्या उत्साहानें दाखवीत होती. शेवटीं पुस्तक मिटून ती म्हणाली, "काका, आपल्या बीडकडे यांतलें कांहींच नाहीं. तिकडे नवीन असं कोणी काय बांधलंय?" प्रश्न सरळ होता व त्यांत हिणविण्याचा भाव नव्हता, म्हणूनच तो मला लागला. मीं तेव्हां उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिला घेऊन सोलापूरच्या रस्त्याला लागलों.

बीड शहरापासून दक्षिणेस सुमारें ६ किलोमीटरांवर खजाना विहीर आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तेथें वास्तु म्हणून कांहींच दिसत नाहीं. ना कळस, ना कमान, ना तट. अगदीं जवळ गेल्यावर जमिनीला पडलेलें मोठें गोल चिरेबंदी तोंड दिसतें; आंत उतरावयास पायऱ्या, आंतल्या अंगास भिंतीला धरून ओटा, आणि खालीं पाणी. पाण्याच्या बाजूला भुयारांचीं काळोखीं तोंडें आहेत. पुतणी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "हें पाणी येतं कुठून, आणि जातं कुठं?" मला तिच्याकडून हाच प्रश्न हवा होता. या वास्तूचें सगळें कौशल्य या एका प्रश्नाच्या उत्तरांत आहे, आणि तें उत्तर समजण्यासाठीं आधीं येथली भूमि समजून घ्यावयास पाहिजे.

बीड जिल्ह्याची जमीन दोन पायऱ्यांची आहे. उत्तरेस गोदावरीच्या कांठची सखल काळी जमीन, जिला लोक गंगथडी म्हणतात. दक्षिणेस बालाघाटाचें उंच पठार. या पठारावर पडलेल्या पावसाची वांटणी होते. कांहीं पाणी मांजरेच्या वाटेनें आग्नेयेकडे जातें, कांहीं बिंदुसरेच्या वाटेनें बीड शहरावरून सिंदफणेला व तिच्याबरोबर गोदावरीला मिळतें. पाऊस वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें साडेसहाशें मिलिमीटर, आणि तोही लहरी. एखाद्या वर्षीं चार दिवसांत कोसळेल, एखाद्या वर्षीं मृगापासून हस्तापर्यंत वाट पाहावयास लावील. शिवाय खालचा दगड काळा बसाल्टाचा. वर थोडी माती, तिच्याखालीं मुरूम, आणि मुरमाखालीं कातळ. पाणी मुरतें तें मुरमांत व कातळाच्या भेगांत. वाळूच्या प्रदेशांत जसा खोल व विस्तीर्ण जलसांठा असतो, तसा येथें नसतो. त्यामुळें या जिल्ह्यांत घर बांधणाऱ्यानें, देऊळ बांधणाऱ्यानें व गांव वसविणाऱ्यानें एका प्रश्नाचें उत्तर आधीं देणें भाग होतें: पाणी कोठें आहे, आणि तें किती दिवस पुरेल?

जुन्या वास्तूंकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्यांचा निराळाच अर्थ लागूं लागतो. बीड शहरांतील कंकालेश्वराचें मंदिर चालुक्य-यादवकालीन शिल्पपद्धतीचें असून तें कुंडाच्या मध्यभागीं, पाण्यांत बांधलेलें आहे. देवदर्शनाला जाणारा मनुष्य पाण्यावरून चालत जातो. अंबाजोगाईचें हत्तीखाना म्हणून प्रसिद्ध असलेलें लेणें तर बांधलेलेंच नाहीं. तें कातळांत खालीं कोरीत नेलें आहे. मंडप, नंदी व दगडी हत्ती हे सर्व आसपासच्या जमिनीच्या पातळीखालीं आहेत. मराठवाड्यांत जागोजाग ज्या बारवा आहेत, त्याही उलट्या ठेवलेल्या देवळांसारख्या, पायरी पायरीनें खालीं उतरणाऱ्या. तात्पर्य, भूमींत उतरून वास्तु करावयाची ही या भागाची जुनी संवय आहे. खजाना विहीर ज्यानें बांधली त्याला ही संवय वारशानें मिळाली होती. त्यानें त्या वारशांत काय घातलें हें आतां पाहूं.

काळ निजामशाहीचा. अहमदनगरच्या गादीवर मुर्तजा निजामशहा होता (१५६५ ते १५८८). या घराण्याचा मूळ पुरुष गोदावरीपलीकडच्या पाथरीच्या एका ब्राह्मण कुळांतून आलेला. तेव्हां ही सत्ता बीडकरांस अगदींच परकी होती असें नव्हे. मुर्तजाचा वजीर सलाबतखान याच्याकडे बीडची जहागीर होती, आणि त्यानें ही विहीर करविली असें तवारिखांवरून समजतें. वर्ष हिजरी ९९१ देतात, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमारास. बांधणाऱ्या स्थपतीचें नांव राजा भास्कर. करविणारा मुसलमान वजीर, करणारा हिंदु कारागीर, आणि पाणी पिणारीं सर्व जातींचीं माणसें व गुरें: दख्खनच्या इतिहासांत ही जोडी नवलाची नाहीं, नेहमींचीच आहे.

सलाबतखान हा बांधकामाचा मोठा भोक्ता होता. अहमदनगर शहराला (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) आसपासच्या उंच भागांतून भुयारी नळांनीं पाणी आणलें होतें. निजामशाहीच्या थोर कामांत या नळांची गणना करावयास पाहिजे. शहराजवळचा फराहबाग हा तळ्याच्या मध्यभागीं बांधलेला अष्टकोनी विलासमहाल १५८३ मध्यें, म्हणजे आपल्या विहिरीच्याच सुमारास, सलाबतखानाच्या देखरेखीखालीं पुरा झाला. आणि शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर त्याची स्वतःची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. दैवगति अशी कीं ही कबर दुरून दिसते म्हणून सर्वांना ठाऊक आहे, पण लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात! ज्याच्या हाडांवर ती उभी आहे त्याचें नांव बहुतेकांना सांगतां यावयाचें नाहीं.

एकाच माणसाच्या या तीन कामांचें पुढें काय झालें हें ताडून पाहण्यासारखें आहे. फराहबागेचें तळें आटलें. महालाचे उंच घुमट व भिंती आहेत, पण ज्या पाण्यासाठीं तो महाल होता तें पाणी नाहीं. डोंगरावरच्या कबरीला दुसऱ्याचें नांव मिळालें. विहीर मात्र विहीरच राहिली. बीडकर अभिमानानें सांगतात कीं दुष्काळांतही हिचें पाणी हटत नाहीं. नांवाची उपपत्तिही लोकांनीं आपल्या परीनें लावली आहे. बादशहानें खजिन्याचा हिशेब मागितला तेव्हां जहागीरदारानें सांगितलें कीं खजिना जमिनींत ठेवला आहे, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांना या पाण्याची काय किंमत वाटत आली तें तींत बरोबर उतरलें आहे.

आतां पुतणीच्या प्रश्नाकडे येतों. विहिरीला तीन भुयारें आहेत. दोन भुयारांतून पाणी आंत येतें, तिसऱ्यांतून तें बाहेर जाऊन बलगुजार नांवाच्या शिवाराला मिळत आलें. मोट नाहीं, रहाट नाहीं, बैल नाहींत. आणणारीं भुयारें म्हणजे पाणी गोळा करणाऱ्या आडव्या विहिरीच होत. मुरमांत व दगडाच्या भेगांत जें पाणी पसरलेलें असतें, तें त्यांच्या सर्व लांबीभर पाझरून आंत येतें. उभी विहीर कितीही रुंद केली तरी तिच्या परिघाला जेवढे झरे लागतील तेवढेंच पाणी तिला मिळणार. आडवें भुयार अनेक झऱ्यांना एकदम गांठतें. बाहेर नेणाऱ्या भुयाराचें गणित याहून अवघड. त्याचा तळ पाण्याच्या पातळीखालीं सुरू व्हावा, आणि त्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षां थोडा कमी असावा, म्हणजे पुढें कोठें तरी जमीनच खालीं येऊन भुयाराला भेटते व पाणी आपोआप उजेडांत येतें. उतार फार दिला तर पाणी तळ खरवडून काढतें. कमी दिला तर गाळ सांचून वाट बुजते. बालाघाटापासून गंगथडीकडे जमीन स्वभावतःच उतरती आहे. या उताराचा पुरता अभ्यास केल्यावांचून हें काम साधणें शक्य नव्हतें, आणि तो अभ्यास करणाराच्या हातीं आजच्यासारखीं सूक्ष्म यंत्रें नव्हतीं.

पाण्याची पातळी नेहमीं सारखी कां दिसते, याचा उलगडाही मला यांतच होतो असें वाटतें. बाहेर जाण्याची वाट एका ठराविक उंचीवर असल्यामुळें पाणी फार चढलें कीं तें निघून जातें. उलट येणारें पाणी मोठ्या टापूंतून हळू हळू पाझरत येत असल्यामुळें पाऊस थांबला तरी तें लगेच थांबत नाहीं. भरण्याची गति व रिकामें होण्याची गति यांचा मेळ घातलेला आहे. लोकांना जो चमत्कार वाटतो तो मेळाचा चमत्कार आहे.

भुयारानें पाणी आणण्याची ही विद्या मूळ इराणांतील. तिकडे तिला कनात किंवा कारेज म्हणतात. दख्खनमध्यें ती बहामनी काळांतच आली. बीदरजवळचे कारेज प्रसिद्ध आहेत. म्हणजे भुयार ही कल्पना राजा भास्कराची नव्हे. गोल चिरेबंदी विहीर ही तर येथल्या पाथरवटांची पिढीजात विद्या. भास्करानें या दोन विद्या एकत्र आणल्या. इराणी कनात सामान्यतः डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या मूळ विहिरीपासून निघून सरळ गांवांत जाते. ती लोकांच्या नजरेआड असते. येथें वाटेंतच एक विस्तीर्ण विहीर घालून आलेलें पाणी क्षणभर थांबविलें आहे. गाळ खालीं बसतो, वाटसरूला पाणी पितां येतें, बसावयास थंड जागा मिळते, आणि पाणी किती आहे हें सर्वांना डोळ्यांनीं दिसतें. जमिनीखालून गुप्तपणें वाहणाऱ्या पाण्याला येथें दर्शनाची जागा करून दिली आहे. दोन जुन्या गोष्टी अशा रीतीनें जोडणें कीं तिसरीच गोष्ट निर्माण व्हावी, यालाच मी कलेंतील नवनिर्मिति म्हणतों. निव्वळ नवें असें जगांत फार थोडें असतें.

या कामाची परंपरा पुढेंही चालली. मलिक अंबर हा तरुणपणीं गुलाम म्हणून अहमदनगरच्या दरबारांत आला व चंगीजखान वजिराच्या पदरीं वाढला. भुयारी नळांच्या त्या शहरांत त्यानें डोळे उघडे ठेवून दिवस काढले असले पाहिजेत. पुढें १६१० मध्यें त्यानें खडकी शहर वसविलें, जें नंतर औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झालें, आणि तेथें नहर-ए-अंबरी नांवाचा भुयारी कालवा काढला. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून पुण्याच्या हौदांस पाणी आणलें. त्या नळावरील उच्छ्वास पुणेकरांनीं पाहिलेले आहेत. कालक्रमानें पाहतां बीडची विहीर खडकीच्या नहरीच्या जवळजवळ पंचवीस-तीस वर्षें आधींची. ज्या जिल्ह्याला आज मागासलेला म्हणण्याची चाल पडली आहे, तो या विद्येंत एके काळीं मागें नव्हता, एवढें तरी यावरून खास ठरतें.

परंतु जिल्ह्याची प्रौढी मिरविण्यासाठीं मीं लेखणी उचललेली नाहीं. या विहिरीच्या रचनेंत एक गोष्ट आहे, जिचा विचार आज निकडीचा झाला आहे. भुयारांतून येणारें पाणी स्वतःच्या वजनानें येतें. जमिनींत जेवढें मुरलें असेल तेवढेंच तें येणार. मुरलेलें पाणी कमी झालें कीं प्रवाहही कमी होणार, आणि माणसाला त्याहून अधिक ओढतां येणार नाहीं. म्हणजे या वास्तूंत मर्यादा बांधलेलीच आहे. ती पाळण्यासाठीं वेगळा कायदा किंवा शिपाई लागत नाहीं. विंधन विहिरीची गोष्ट याच्या नेमकी उलट. शेजाऱ्याची नळी तीनशें फूट गेली म्हणून आपण पांचशें फूट जावें, त्यानें पुन्हां आणखी खोल जावें, आणि हे सर्व एकाच कातळांतील त्याच त्या भेगा उपसत राहावें, अशी ती स्पर्धा आहे. यंत्रानें आपली शक्ति वाढविली, पण पुरें कोठें म्हणावयाचें ही खूण काढून टाकली. १९७२ च्या दुष्काळांत गांवोगांव पाझर तलाव खोदले गेले. त्यांच्यामागें निदान जमिनीला कांहीं परत देण्याचा विचार होता. तो विचार पुढें क्षीण झाला आणि उपसा मात्र वाढत गेला.

येथें माझे कांहीं मित्र म्हणतील कीं प्राध्यापकाला जुनें तेवढें सोनें वाटूं लागलें. तसें नाहीं, आणि तसें वाटूं नये याचें कारण याच मराठवाड्याच्या मातींत गाडलेलें आहे. आमचें आजोळ बालाघाटावरचें. तें घर माळवदाचें होतें. हातभर जाड दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, आणि वर लाकडी कड्या-पाटांवर थापलेली मातीची जाड धाबी. वैशाखांतल्या दुपारीं त्या घरांत पंख्याची आठवण होत नसे. पण दर पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं धाब्यावर नवी पांढरी माती चढवावी लागे, आणि वर्षानुवर्षांचा तो भार लाकडांवर व भिंतींवर वाढत जाई. भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या अंगाला बांधून ठेवणारे आरपार दगड पुष्कळ घरांत घातलेलेच नसत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हां लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या शेजारच्या जिल्ह्यांत अशीं घरें झोपेंतल्या माणसांवर कोसळलीं आणि हजारों माणसें गेलीं. आमच्या मातुलगृहीं भिंतींना तडे गेले, माणसें वांचलीं. पण त्या दिवसापासून माझ्या मामांनीं माळवदाखालीं अंथरूण घातलें नाहीं. जुन्या विद्येचा अभिमान बाळगतांना हें विसरून चालत नाहीं. उन्हाचें गणित त्या घरानें सोडविलें होतें. भूकंपाचें सोडविलें नव्हतें.

आणि नव्यानें काय केलें? भूकंपाच्या भीतीनें लोक माळवदें सोडून सिमेंटच्या स्लॅबकडे वळले. ज्यांना तें परवडलें नाहीं ते पत्र्याकडे. भीति बरोबर होती, पण तिनें काढलेला निकाल अपुरा होता. भूकंपांत न पडणारें घर मिळालें, आणि उन्हाळ्यांत राहवत नाहीं असेंही तेंच घर मिळालें. चैत्रांत अकरा वाजल्यापुढें पत्र्याच्या शाळेंत जो मास्तर शिकवितो आणि जीं पोरें शिकतात, त्यांना या अपुरेपणाचा अनुभव रोज येतो. एक प्रश्न सोडवितांना दुसरा विसरणें हें जुन्या गवंड्याच्याही हातून झालें व नव्या अभियंत्याच्याही.

पुतणीच्या पुस्तकांतील दोन वास्तु येथें आठवतात. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ सालीं पुण्यांत झाला व शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत. पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या जगद्विख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखालीं काम करून ते परत आले आणि अहमदाबादेस स्थायिक झाले. १९८० च्या सुमारास त्यांनीं आपल्या वास्तुशिल्प संस्थेसाठीं 'संगथ' नांवाची इमारत बांधली. ती अर्धी जमिनींत उतरविली आहे. वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांनीं मढविलेलीं कमानदार छपरें. तीं ऊन परतवितात, आणि त्यांच्यावर पडलेलें पावसाचें पाणी पन्हळींतून खेळत खालीं येतें. २०१८ मध्यें दोशींना वास्तुकलेंतील सर्वांत मोठें मानलें जाणारें प्रिट्झकर पारितोषिक मिळालें. २०२३ मध्यें ते वारले. सर्व जगाची विद्या शिकून आलेला हा मनुष्य स्वतःच्या कार्यालयासाठीं भूमींत उतरला, ही गोष्ट खजाना विहिरीच्या कांठीं उभें राहून अधिक चांगली समजते.

दुसरी वास्तु आफ्रिकेंतील बुर्किना फासो या उष्ण व निर्धन देशांतील गांडो गांवची प्राथमिक शाळा. त्या गांवचा मुलगा फ्रान्सिस केरे बर्लिनला शिकण्यास गेला, आणि शिकत असतांनाच पैसे जमवून २००१ मध्यें त्यानें आपल्या गांवकऱ्यांकरवीं ही शाळा बांधविली. भिंती मातींत थोडें सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांच्या. छताला भोकें ठेवलेलीं, आणि त्या छताच्या बरेंच वर, हवा खेळेल असें अंतर सोडून, पत्र्याचें दुसरें छप्पर. आंतली गरम हवा भोकांतून वर जाते व पत्र्याखालून निघून जाते. आपल्याकडे जो पत्रा पोरांना भाजून काढतो, तोच पत्रा तेथें सांवली धरतो. अपराध पत्र्याचा नव्हताच. तो कोठें व कसा ठेवावा याचा विचार न करणाराचा होता. केरे यांनाही २०२२ मध्यें तेंच पारितोषिक मिळालें.

दोशी, केरे आणि राजा भास्कर यांच्यांत काळाचें व देशाचें एवढें अंतर असूनही मला एक साम्य दिसतें. तिघांनींही आधीं कोणतें रूप सुंदर दिसेल हें विचारलें नाहीं. येथें काय कमी आहे हें विचारलें. बीडला पाणी कमी होतें, अहमदाबादेस गारवा, गांडोस पैसा. त्या उणीवेलाच त्यांनीं आपल्या कामाचा पाया केला, आणि रूप तिच्यांतून आपोआप उमललें. नवी वास्तु कोणती व केवळ नव्या तऱ्हेची कोणती, हें ओळखण्याची ही कसोटी मला पुरेशी वाटते. हैदराबाद किंवा पुणें येथें शोभणारी कांचेची दर्शनी भिंत बीडच्या बाजारपेठेंत एखाद्या दुकानाला लावली आणि आंत दिवसभर थंड हवेचें यंत्र चालविलें, तर ती तऱ्हा नवी असेल, वास्तु नवी नव्हे.

या कसोटीवर आजच्या बीड जिल्ह्याकडे पाहिलें म्हणजे मन अस्वस्थ होतें. दरवर्षीं दिवाळीच्या आगेंमागें या जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. कारखान्याच्या आवारांत किंवा फडाच्या कडेला तीं ज्या घरांत सहा-सहा महिने राहतात, त्याला कोपी म्हणतात. बांबू, चटई, उसाचें पाचट, आणि वर प्लास्टिकचा कागद. कोपींत बाळंतपणें होतात, पोरें वाढतात, म्हातारीं मरतात. संख्येचाच विचार केला तर बीडच्या माणसांची आजची मोठी वास्तुपद्धति ही कोपीच होय, असें म्हणावयास हरकत नाहीं. तिच्यावर कोणा वास्तुशिल्पज्ञाचें पुस्तक निघालेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. आणि या कोपीचें मूळ शोधीत गेलें तर तें पुन्हां पाण्यापाशींच येऊन थांबतें. गांवच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी असतें, तर पुष्कळांनीं घर सोडलें नसतें.

म्हणून खजाना विहिरीची निगा हा केवळ पुराणवस्तूंच्या हौशीचा विषय नाहीं. तिचें चिरेबंदी तोंड साफ ठेवलें, नांवाची पाटी लावली, कीं काम झालें असें समजणें चुकीचें होईल. विहीर म्हणजे तें तोंड नव्हे. दूरवर गेलेलीं भुयारें, त्यांच्यावरची जमीन, आणि जेथें पावसाचें पाणी मुरतें तो डोंगराकडचा सगळा टापू मिळून ती विहीर होते. त्या टापूवर घरें व रस्ते पसरत गेले, किंवा भोंवतीं विंधन विहिरींची जाळी झाली, तर तोंडाला कितीही रंग दिला तरी आंत पाणी राहणार नाहीं. फराहबागेचें जें झालें तेंच हिचें होईल: दगड राहतील, आणि ते कशासाठीं होते हें सांगणारा राहणार नाहीं.

त्या दिवशीं उन्हें चढल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलों होतों. पुतणीनें वही काढली. दर्शनी आकृति काढण्याचा तिचा नेहमींचा क्रम. पण येथें दर्शनी असें कांहीं नव्हतेंच. तिनें पान आडवें धरलें आणि जमिनीचा छेद काढला. डावीकडे डोंगर, मग भुयार, मध्यें विहीर, उजवीकडे पुन्हां भुयार आणि खालच्या अंगाचें शेत. वर सगळीकडून एक उतरती रेघ. तिच्या त्या चित्रांत वास्तु होती त्याहून शिवारच अधिक होतें. मीं म्हटलें, "कालच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें का?" ती म्हणाली, "मिळालं, काका. पण तें उत्तर साडेचारशें वर्षांपूर्वींचं आहे. त्यानंतरचं आम्हांलाच द्यावं लागणार." मला तिच्याशीं वाद घालतां आला नाहीं.

सुटी संपवून ती परत गेली. आतां शेवटच्या परीक्षेच्या प्रबंधासाठीं तिनें ऊसतोड कामगारांच्या कोपीचा विषय घेतला आहे. इतर मुलांचे विषय विमानतळ, वस्तुसंग्रहालय असे आहेत, असें ती लिहिते. परवांच्या पत्रांत तिनें मला एक काम सांगितलें आहे. आमच्या गांवाकडचीं जीं कुटुंबें तोडीला जातात, त्यांना विचारून कळवावयाचें कीं कोपीवर रोज पाणी किती लागतें, तें किती दूरवरून आणावें लागतें, आणि तें आणतें कोण. मंडळी अजून परतलीं नाहींत. पाडव्याच्या आसपास तीं घरीं येऊं लागतील. तेव्हां जाऊन विचारणार आहें.